पाय टेकायला जागा

महाविद्यालयांत अलीकडे एक कार्यक्रम चांगलाच रुजला आहे. सत्र सुरू झालं की बाहेरून वक्ता बोलवायचा, मागे बॅनर लावायचा आणि प्राध्यापकांना दोन तास आत्मविश्वास शिकवायचा. वक्ता खणखणीत बोलतो. खांदे ताठ ठेवा, नजरेला नजर द्या, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी द्या. शेवटी फोटो निघतात. नॅकच्या फाइलला ते लागतात. सभागृहाच्या मागच्या रांगांत तासिका तत्त्वावरची, म्हणजे सीएचबीची मंडळी बसलेली असतात. त्यांच्या डोक्यात वेगळंच गणित चाललेलं असतं. हे दोन तास बिलात धरले जाणार नाहीत, आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजवर तास आहे, तिथे वेळेत पोचायचं आहे.

ही माणसं पात्रतेत कुठे कमी नसतात. एम.ए., एम.एस्सी., नेट किंवा सेट, पुष्कळदा पीएच.डी.सुद्धा. तरी शैक्षणिक वर्ष संपलं की नेमणूक संपते. मानधन तासांवर, आणि ते हातात पडायला कधीकधी महिने जातात. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा ‘तुमच्याबद्दल थोडं सांगा’. वर्गात या शिक्षकाचा आवाज चढतो आणि स्टाफरूममध्ये आला की बसतो. बाहेरच्या पाहुण्यांशी ओळख करून देताना विषय सांगायच्या आधी ‘मॅडम सीएचबीवर आहेत’ हे सांगितलं जातं. एका महाविद्यालयाचं वेळापत्रक मी भिंतीवर पाहिलं आहे. कायम प्राध्यापकांच्या तासांपुढे त्यांची आद्याक्षरं होती, बाकीच्या चौकोनांत ‘सीएचबी-१’, ‘सीएचबी-२’. ते वेळापत्रक विद्यार्थीही वाचतात.

अशा वेळी दाखला म्हणून हमखास धोंडो केशव कर्व्यांचं नाव घेतलं जातं, आणि ते घ्यावं असंच आहे. मात्र आपण त्यांची गोष्ट अर्धीच सांगतो. मुरूडचा एक अतिशय संकोची, बोलण्यात मागे राहणारा मुलगा परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला. वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. तोच पुढे प्राध्यापक झाला, विधवेशी विवाह केला, वाळीत पडला, आश्रम काढला, महिला विद्यापीठ उभारलं, भारतरत्न झाला. सांगणाऱ्याचं तात्पर्य ठरलेलं: जिद्द असली की सगळं होतं.

यातला क्रम जरा नीट बघू. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसनला गणिताच्या शिक्षकाची गरज पडली. कर्वे तेव्हा मुंबईत शाळांमधून आणि शिकवण्यांमधून संसार चालवत होते. एल्फिन्स्टनमध्ये बरोबर शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना बोलावून घेतलं. १८९१ मध्ये कर्वे पुण्यात आले. टिळकांच्या जागी, टिळकांच्या विषयाला, हा मितभाषी माणूस. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्यांना आजीव सदस्य करून घेतलं. आजीव सदस्याचा पगार पंचाहत्तर रुपये, म्हणजे बेताचाच, पण दर महिन्याचा आणि हक्काचा. गोदूबाईंशी पुनर्विवाह त्याच्या नंतरचा, मार्च १८९३ मधला. मुरूडने बहिष्कार घातला. फर्ग्युसनचे प्राचार्य त्या वेळी आगरकर होते. कर्व्यांचं फर्ग्युसनमधलं शिकवणं चालूच राहिलं, ते थेट १९१४ पर्यंत.

म्हणजे आधी कुणीतरी विश्वास टाकला, मग पायाखाली जागा आली, आणि धाडस त्यानंतर. यात कर्व्यांचा मोठेपणा काडीचाही कमी होत नाही; पंचाहत्तर रुपयांच्या हमीवर गप्प बसून आयुष्य काढणारेही तेव्हा असतीलच. पण ज्याला पुढच्या जूनची खात्री नाही त्याला कर्व्यांचं उदाहरण देऊन ताठ उभं राहायला सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. गोखल्यांनी आणि सोसायटीने जे केलं ते आपण करायचं नाही, आणि कर्व्यांनी जे केलं ते मात्र त्या तरुणाने करावं, असा तो हिशेब आहे. पाय टेकायला जागा नसलेल्याला पोहण्याचे फायदे सांगण्यासारखंच ते.

कायम झालेल्यांचा आत्मविश्वास तरी धड असतो का? यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आले आणि ‘प्रगती’ मोजायची पट्टी हातात आली. पैसे भरून लेख छापणारी नियतकालिकं फोफावली. त्यांना आवर घालायला २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. या सगळ्यात फायली जाड झाल्या. जाड फाइलवाला प्राध्यापक आपल्याच विषयाच्या परिषदेत चहाच्या वेळी विषयावर बोलणं टाळतो, हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना अधिक सांगायला नको.

फर्ग्युसनमधलाच आणखी एक प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचा गाजावाजा कमी होतो. मुरडीचा रघुनाथ परांजपे हा कर्व्यांच्या नात्यातला मुलगा. त्याच्या शिक्षणाला आधार दिला तो कर्व्यांनी. तो केंब्रिजला गेला, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला, आणि परत येऊन १९०२ मध्ये फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. विषय गणितच. कर्वे तिथेच गणिताचे प्राध्यापक. पुढची बारा वर्षं त्यांनी आपल्या हाताखाली वाढलेल्या मुलाच्या हाताखाली काम केलं. आपल्या विभागांत हे घडलं तर काय होईल याची कल्पना करावी. बढतीच्या तारखा काढल्या जातील, ज्येष्ठता यादीवर हरकती जातील, एखादा जुना अर्ज विद्यापीठात जाऊन पोचेल. कर्वे कॉलेज सुटलं की सामान घेऊन हिंगण्याच्या आश्रमाकडे चालू लागत. त्यांचं मन गुंतलेलं काम तिकडे होतं, आणि कॉलेजातल्या खुर्च्यांच्या उंचीशी त्या कामाचा संबंध नव्हता.

तरुण प्राध्यापकाने स्वतः काय करावं, याचं थोडंफार उत्तर मला इथे सापडतं. गुणांच्या तक्त्याबाहेरचं एक काम स्वतःचं म्हणून धरावं. जवळचं असलं तर उत्तम. बीडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्याच्या वर्गात दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतात. मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्या मुलांशी बोलून, उचल किती घेतली, कोयत्याचा हिशेब कसा लागला, परत येईपर्यंत कोणते पेपर बुडाले हे नीट लिहून ठेवलं तर दोन-तीन वर्षांत त्या विषयावर त्याच्याइतकं जाणणारा माणूस सापडणं अवघड. इतिहासवालीने मोडी शिकावी, तालुक्यातल्या घरांमधले कागद वाचावेत. यातून नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. कुणी तसं म्हणालं तर विश्वास ठेवू नये. पण मुलाखतीत समोरच्याने आवाज चढवला तर सांगण्यासारखं काहीतरी जवळ असतं, आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

ज्येष्ठांचा वाटा मात्र याहून मोठा आहे, आणि त्याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. नवख्याला पहिल्या वर्षाचे उरलेसुरले तास देण्याऐवजी तृतीय वर्षाचा एक पूर्ण पेपर द्यावा. विभागाच्या बैठकीचं पत्र त्यालाही जावं. लेखाचं काम ज्याने केलं, त्याचं नाव आधी छापावं. वर्षातून एखाद्या वेळी त्याच्या वर्गात मागे बसून काय जमलं आणि काय नाही हे त्याला एकट्याला सांगावं, स्टाफरूममध्ये नव्हे.

कर्व्यांना जे मिळालं ते त्यांनी पुढे दिलं. मेहुणी पार्वतीबाई आठवले विशीतच विधवा झालेल्या, मूल पदरात, शिक्षणाला सुरुवात उशिरा. आश्रमाच्या वर्गणीचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्या गावोगाव फिरून सभांमध्ये बोलू लागल्या. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या जवळ आलेल्या असताना, मोडक्यातोडक्या इंग्रजीवर त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवले. निघण्याआधी त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांचं जाणं अडवणारं कुणी विभागप्रमुख हिंगण्यात नव्हतं.