आवाहन एकाचे, विसर्जन दुसऱ्याचे

ज्याने आवाहन केले त्यानेच विसर्जनही करावे, असा पूजेतील संकेत आहे. देवाला घरी बोलावून, सर्व उपचार यथासांग करून, निर्माल्य मात्र शेजाऱ्याच्या अंगणात टाकणाऱ्या यजमानास आपण धर्मनिष्ठ म्हणणार नाही. परंतु मनुष्य ज्या प्रचंड वस्तू निर्माण करतो आणि भोगतो, त्यांचे विसर्जन कोणी करावयाचे? हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो एका जहाजाने.

फ्रान्समधील सँ-नाझेरच्या गोदीत १९५७ साली ‘फ्रान्स’ या उतारू जहाजाच्या बांधणीस प्रारंभ झाला. ११ मे १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते ते पाण्यात सोडण्यात आले. लांबी सुमारे ३१६ मीटर. २००४ साली ‘क्वीन मेरी २’ सेवेत येईपर्यंत याहून लांब उतारू जहाज जगात नव्हते. १९६२ च्या फेब्रुवारीत ते ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्कला प्रथम निघाले. सुमारे दोन हजार उतारूंची सोय, आणि त्यांचे वर्ग दोन. दोन्ही धुराड्यांना पंखांसारखे फाटे काढले होते. हेतू हा की, काजळी डेकवरील उतारूंच्या अंगावर न पडता दूर समुद्रावर जावी. उतारूंची एवढी काळजी वाहणारी ही रचना कौतुकास्पदच होती.

आगीचीही धास्ती होती. ‘नॉर्मंडी’ हे त्यांचेच भव्य जहाज १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळाले होते. म्हणून या नव्या जहाजात लाकूड शक्यतो टाळले, सामान ॲल्युमिनियमचे केले, आणि अग्निरोधक म्हणून ॲस्बेस्टॉस मुबलक वापरले.

पुढे विमानांनी उतारू पळविले. १९७४ साली सरकारी अनुदान थांबले आणि जहाज धक्क्याला लागले. १९७९ साली ते एका नॉर्वेजियन कंपनीने घेतले आणि ‘नॉर्वे’ या नावाने ते कॅरिबियन समुद्रात सहलीचे जहाज झाले. चार पंख्यांपैकी दोन काढून टाकले, कारण आता कोणास कोठेही पोहोचण्याची घाई नव्हती! २००३ साली मायामी येथे बॉयलरचा स्फोट होऊन आठ खलाशी मृत्युमुखी पडले. २००६ साली ‘ब्लू लेडी’ असे तिसरे नाव धारण करून ते गुजरातच्या किनाऱ्यावर, अलंग येथे, मोडण्यासाठी आले.

येथे गोष्ट विलक्षण वळण घेते. उतारूंच्या प्राणरक्षणार्थ जे भिंतींत भरले, तेच मोडणाऱ्याच्या श्वासातून फुप्फुसात जाते आणि दोन-तीन तपांनी प्राण घेते. अलंगचा मजूर बहुधा ओडिशा, बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेला; सहलीच्या सुखाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या दर्शनकारांनी कर्मविचारात दोन दोष सांगितले आहेत. केलेल्याचे फळ न मिळणे हा कृतनाश, आणि न केलेल्याचे फळ भोगावे लागणे हा अकृताभ्यागम. ज्या व्यवस्थेत हे दोष येतात ती न्याय्य नव्हे, असे ते मानीत. ईश्वराच्या न्यायाला लावलेली ही कसोटी माणसांच्या व्यवहाराला लावू नये काय?

कोणी म्हणेल, मजुराला काम मिळते, पोलाद भट्टीतून पुन्हा सळई होऊन घरे उभी राहतात. हे खरेच आहे. आमच्या-तुमच्या घराच्या, कदाचित देवळाच्या सभामंडपाच्याही छतात अशी सळई असेल. म्हणजे या प्रसादातील वाटा आपणही घेतलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली हे जहाज मोडण्यास परवानगी दिली. परंतु भुकेल्याने पत्करलेला धोका ही त्याची स्वेच्छा, असे म्हणणे आम्हांस जड जाते.

त्याच सुमारास अलंगकडे निघालेली ‘क्लेमान्सो’ ही फ्रान्सची युद्धनौका मात्र २००६ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी परत बोलाविली. पुढे ती इंग्लंडात मोडण्यात आली. फरक इतकाच की, तिच्यावर मालकी राष्ट्राची होती. ‘फ्रान्स’चे नाव, निशाण आणि धनी बदलत गेले, आणि प्रत्येक विक्रीबरोबर कर्तव्यही पातळ होत गेले. जहाजाचे पुढचे टोक तेवढे जपून ठेविले गेले आणि आज ते ल हाव्र येथे उभे आहे.

जून २०२५ पासून अमलात आलेल्या हाँगकाँग करारान्वये जहाजावरील घातक द्रव्यांची यादी ठेवणे आता बंधनकारक आहे. ती द्रव्ये काढण्याचा खर्च ज्याने भरली त्याने सोसावा, असे मात्र त्यात कोठेही नाही.