भाडेकरू त्रास देतो, तेव्हा घरमालकाचा धर्म कोणता?

भाडेकरू रात्री-अपरात्री धिंगाणा घालतो, शेजाऱ्यांना शिवीगाळ करतो. पण भाडे वेळेवर येते म्हणून घरमालक गप्प बसतो. आपण क्षमाशील आहोत, असेही त्याला वाटते. मात्र जो त्रास शेजारी सोसत आहेत, तो माफ करण्याचा अधिकार घरमालकाला कोणी दिला?

दुसरे टोक म्हणजे संतापाच्या भरात पाणी-वीज तोडणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकाला अत्यावश्यक सेवा तोडता येत नाहीत. शेजाऱ्यांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून ताबा मिळवण्याचा न्यायालयीन मार्ग कलम १६ मध्ये आहे.

म्हणून प्रथम स्वतःला विचारावे : मला खटकते ते त्याचे वागणे, की त्याची जात, आहार किंवा एकटे राहणे? वागणेच खटकत असेल, तर दोन्ही बाजू ऐकाव्यात. शांतपणे समज द्यावी, तक्रारींची तारीखवार नोंद ठेवावी. धमकी वा मारहाण झाल्यास पोलिसांकडे जावे. एवढे करूनही सुधारणा झाली नाही, तर मनात द्वेष न ठेवता न्यायालयात दाद मागावी. मन शांत ठेवूनही कठोर निर्णय घेता येतो.