घडविणारा कोण?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेरच्या समाधीपुढे माथा टेकणारी आपली मंडळी कधीमधी घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरुळासही जातात आणि जाता जाता कैलास लेणे बघतात. “केवढे हे काम!” म्हणून तोंडात बोट घालतात आणि परतीची एस.टी. गाठतात. पण हे केले कोणी, हा प्रश्न भाविकाने घटकाभर थांबून मनाला विचारावा.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत आणून हे देवालय मोकळे केले. रचलेल्या भिंतीत चुकला दगड बदलता येतो. इथे उडालेली कपची पुन्हा बसत नाही. दंतकथा याचे श्रेय पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पकाराला देते. इ. स. ८१२-१३ च्या बडोदे ताम्रपटात तर असे आहे की, काम पुरे झाल्यावर घडविणारा स्वतःच थक्क झाला. हे माझ्या हातून झाले तरी कसे, असे त्याला वाटले; दुसरे असे काम करण्याची उमेद उरली नाही.

बघा, छिन्नी त्याची, घाम त्याचा. पण ‘मी केले’ हा ताठा नाही. कर्तेपण सोडणे म्हणतात ते हेच. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. कच्चे मडके आवाजावरून कळते. मीपणाचा आवाजही तसाच बद्द येतो.

येथे एक शंका निघते. ताम्रपटात राजाचे नाव आहे, कारागिराचे नाही. आपल्या गावच्या देवळातही देणगीदाराचे नाव संगमरवरावर असते. पायऱ्या घडविणाऱ्या पाथरवटाचे नाव कोणाला ठाऊक नसते. उलट मजुरी देताना “देवाचे काम आहे, थोडे सोडा” असे त्यालाच ऐकवितात. हा काय परमार्थ झाला? नावाचा मोह सोडणे ही घडविणाऱ्याची साधना. त्याचे नाव राखणे आणि त्याला पुरते दाम देणे हा आपला धर्म. निरभिमान स्वतःकडे मागावा, दुसऱ्याकडे मागू नये.

तेव्हा गावात जीर्णोद्धार निघेल तेव्हा पाटीवरची पहिली ओळ पाथरवटाची असू द्या. तो नको म्हणेल. आपण तरीही लिहावी.

राम कृष्ण हरि.