खड्याचा रंग आणि विक्रेत्याचा शब्द

देवळाली कॅम्पच्या परिसरांत पायांखालीं लागणारा काळा खडक म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हारस होय. दख्खनच्या या खडकांत वायूच्या बुडबुड्यांमुळें पोकळ्या राहिल्या व त्यांत पाझरलेल्या पाण्यांतून नानाविध स्फटिक जमले. जवळच सिन्नर येथें २००१ सालीं उघडलेल्या गारगोटी संग्रहालयांत असे स्फटिक पाहावयास मिळतात.

यांच्याच कुळांतला एक जांभळा खडा जव्हेरी ‘जमुनिया’ किंवा ‘कटेला’ या नांवानें विकतात. हा खडा मूळची गारगोटीच. शुद्ध गारगोटी बिनरंगी असते. तींत लोहाचा अल्प अंश शिरून भोवतालच्या खडकांतील किरणोत्सर्गाचा त्यावर दीर्घकाळ परिणाम झाला, म्हणजे ती जांभळी होते. तिचें काठिण्य ७ असल्यामुळें ती अंगठींत चांगली टिकते. मात्र फार काळ उन्हांत राहिल्यास तिचा रंग फिका पडूं शकतो. हाच खडा भट्टींत ४००–५०० अंशांपर्यंत तापविला, कीं बहुधा पिवळा होतो. बाजारांतील ‘सुनेला’ पुष्कळसा असाच तयार झालेला असतो, कारण निसर्गतः पिवळी गारगोटी दुर्मिळ आहे.

मग हा सुनेला खोटा म्हणावयाचा काय? निसर्गानें दिलेला रंग तेवढा खरा, असें कित्येक सज्जन मानतात. मला तें पटत नाहीं. भूगर्भांतील उष्णतेनेंही गारगोटी पिवळी होऊं शकते. मग तेथील आंच पवित्र आणि भट्टीची आंच कपटी, हें कोणत्या न्यायानें ठरवावें?

सुनेला देऊन पुष्कराजाचे दाम घेणें ही उघड फसवणूक आहे. तिच्याविषयीं वाद नाहीं. अवघड प्रश्न पुढचा आहे. सुनेला म्हणूनच विकला, पण तो तापविलेला आहे हें सांगितलें नाहीं, तर? ‘गिऱ्हाइकानें विचारलें नाहीं,’ हें विक्रेत्याचें उत्तर ठरलेलें असतें. परंतु जें ठाऊकच नाहीं, तें गिऱ्हाईक विचारणार कसें? सांगितल्यास सौदा मोडेल, या भीतीनें जी गोष्ट दडविली जाते, ती ऐकण्याचा हक्क गिऱ्हाइकाला होता, हें त्या भीतीनेंच सिद्ध होतें.

आपणही निर्दोष नाहीं. खडा तेजस्वी हवा, स्वस्त हवा, आणि वर अस्सल नैसर्गिकही हवा, असा आपला हट्ट असतो. खरें सांगणाऱ्या जव्हेऱ्याला सोडून आपण पलीकडच्या दुकानांत जाणार असूं, तर त्या मौनाची थोडी किंमत आपल्याही नांवावर लिहिली पाहिजे.