औषध थांबेल, सेवा थांबू नये

श्रोते सज्जनहो, आजचा विषय दवाखान्यातला आहे. हरिकथेच्या पेठेत हा माल कुठून आला, असे कोणी म्हणेल. पण देह आहे तोवर व्याधी आहे, आणि व्याधी आहे तोवर वैद्याची पायरी चढणे आहे. म्हातारे वडील अतिदक्षता विभागात असतात, दाराबाहेर तीन मुलगे उभे असतात, आणि डॉक्टर येऊन विचारतात, "श्वासाचे यंत्र लावायचे का? लवकर सांगा." त्या घटकेला बुद्धी चालत नाही. एकजण म्हणतो, लावा. दुसरा मनात पैशाचा हिशेब करतो आणि त्या हिशेबाची त्याची त्यालाच लाज वाटते. तिसरा नुसता रडतो. म्हणून ती वेळ येण्यापूर्वी, चित्त स्थिर असताना, विचार करून ठेवावा. वैद्याने निर्णय कसा करावा आणि आपण त्याच्याजवळ काय मागावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, सेवा करणारा परिचारक आणि स्वतः रोगी. वैद्याला त्यांत मुख्य मानले खरे, पण खाट एका पायावर उभी राहत नाही. रोग्याचे गुण सांगताना आपले दुखणे नीट सांगता येणे हा एक गुण धरला आहे. आता विचार करा बरं, रोग्याने सांगायचे तर वैद्याने ऐकायला नको का? जो नाडी पाहतो, कागद पाहतो, पण रोग्याच्या तोंडाकडे पाहत नाही, त्याने चारांतला एक पाय स्वतःच मोडला.

त्याच ग्रंथात वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे. सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, जे बरे होण्याजोगे आहेत त्यांच्याविषयी उत्साह, आणि जे मरणाकडे निघाले त्यांच्याविषयी उपेक्षा. उपेक्षा म्हटले की आपल्याला हेळसांड वाटते. इथे तसा अर्थ घेऊ नये. मैत्री आणि करुणा आधी सांगितल्या आहेत, त्या पुढे काढून घेतलेल्या नाहीत. जिंकण्याचा हट्ट सोडून तटस्थ बुद्धीने जवळ राहणे, असा तो भाव आम्ही घेतो.

आता कोणी म्हणेल, "डॉक्टर शिकलेला, रोगी अडाणी. भल्यासाठीच करतो ना? मग विचारायचे कशाला?" ह्याला एक दाखला ऐका. 1995 साली दिल्लीत एक 44 वर्षांची स्त्री डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करण्यापुरती भूल देण्यास तिची संमती होती. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारले गेले, आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले गेले. डॉक्टरांचे म्हणणे, हे तिच्या हिताचे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 16 जानेवारी 2008 रोजी न्यायालयाने सांगितले की, रोगी सज्ञान आहे, जिवावर बेतलेले नाही, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होते. तेव्हा आईची संमती चालणार नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. नुकसानभरपाई 25,000 रुपयांचीच मिळाली, पण तत्त्व मोठे ठरले. भले करायचे झाले तरी ज्याचे भले करायचे त्याला विचारून करावे. देह त्याचा आहे.

हे झाले शुद्धीवर येणाऱ्या रोग्याचे. जो शुद्धीवर येणारच नाही, त्याचे काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथेच एका कामगाराने पाशवी हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. वय 25. त्यानंतर 18 मे 2015 रोजी निमोनियाने देह ठेवीपर्यंत, 41 वर्षांहून अधिक काळ, त्या तशाच पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की ह्यांना अन्न देणे थांबवावे, त्यांना सुटू द्यावे. त्या अर्जामागेही करुणाच होती, हे विसरू नये. रुग्णालयातील परिचारिका म्हणाल्या, आम्ही सांभाळतो. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले आणि अर्ज फेटाळला. इतकी वर्षे अंथरुणात, पण पाठीला जखम होऊ दिली नाही, ह्याची नोंद न्यायालयापुढे झाली.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो, तो तुम्हांला ठाऊक आहे. विणेकरी बदलतो, पण वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाच्या गळ्यातून उतरते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या परिचारिकांच्या किती पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण पहारा मोडला नाही.

ह्यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येकाला यंत्रावर वर्षानुवर्षे ठेवावे. त्याच निकालात न्यायालयाने कडक अटींवर उपचार थांबविण्याची वाट उघडली. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांनी सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सज्ञान माणसाने शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवावी, ही सोय झाली. 24 जानेवारी 2023 रोजी ती सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावेही त्यात घालता येतात. उपचार काढून घेण्यापूर्वी डॉक्टरांची दोन मंडळे एकापाठोपाठ मत देतात. सुई टोचून प्राण घेण्याला मात्र कायद्यात मुभा नाही.

शंका येईल: यंत्र काढले म्हणजे आपणच मारले, असे होत नाही काय? सांगतो. जे औषध रोग हटवीत नाही, दुःख कमी करीत नाही, फक्त मरण लांबविते, ते थांबविल्यावर मरण येते ते रोगाने. हेतू शुद्ध हवा, निर्णय एकट्याचा नको, आणि लपूनछपून नको. दोन मंडळे ह्याचसाठी आहेत. वारसाच्या लोभाला आणि डॉक्टरच्या घाईला दोघांनाही लगाम बसतो.

पण सज्जनहो, पैसा संपला म्हणून घरी नेणे आणि उपयोग नाही म्हणून उपचार थांबविणे, ह्या दोन गोष्टी एक मानू नयेत. "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही घेतली की डॉक्टरचे हात मोकळे होतात. पण वेदना रोग्याबरोबर घरी जाते. तिथे झोप लागेल असे औषध नाही, तोंड ओले करायला कोणी शिकविलेले नाही. वेदना शमविणारी सेवा, जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती अशा वेळी मागून घ्यावी. तो रोग्याचा हक्क आहे, भीक नव्हे.

तस्मात् डॉक्टरांना हात जोडून तीन प्रश्न विचारावेत. ह्या उपचाराने रोग्याला नेमके काय मिळणार? तो बोलू शकत असता तर काय म्हणाला असता? आणि उपचार थांबवला तर दुःख कमी करण्यासाठी काय करणार? जो वैद्य रागावता ह्यांची उत्तरे देत नाही, त्याला पुन्हा एकदा विचारावे. जो शांतपणे बसून देतो, त्याच्या शब्दाला मान द्यावा आणि बरे झाले नाही म्हणून त्याच्यावर हात उगारू नये. मरण हा प्रत्येक वेळी त्याचा अपराध नसतो.

आणि घरी एक करावे. एकादशीच्या दिवशी चार माणसे एकत्र बसतात, तेव्हा वडीलधाऱ्यांना आदराने विचारावे, "तात्या, तशी वेळ आली तर तुमची इच्छा काय?" अभद्र म्हणून तोंड फिरवू नये. त्यांनी एकदा सांगितले की दाराबाहेरच्या तीन मुलांचे भांडण मिटते. त्या दिवशी औषध थांबवायचे ठरले तर थांबवा; पण कूस बदलणे, ओठ ओले करणे, कपाळावर हात ठेवणे आणि कानाशी नाम घेणे थांबवू नका. वीणा खाली ठेवू नका.

रामकृष्णहरि!