दूरचा राजा, जवळचा हात

राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागावी, असे आपल्याकडे पूर्वापार विचारतात. म्हणीतला तो राजा निदान आपल्या मुलखातला तरी होता. आता परमुलखातला राजाही घरबसल्या मारू लागला आहे.

जून २०१७ मध्ये न्हावा शेवा बंदरातील एक टर्मिनल संगणकांवरील हल्ल्याने एकाएकी ठप्प झाले. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता आणि तो रशियाच्या लष्कराने केला, असे ब्रिटन व अमेरिकेने पुढच्या वर्षी जाहीर केले. रशियाने ते नाकारले. आमच्या थेरगावातून रोज चाकणला कामावर जाणाऱ्या माणसाचे त्या भांडणात काय होते? पण तिथल्या कारखान्यांचा बराच माल याच बंदरातून परदेशी जातो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची हकीकत याहून बोलकी आहे. बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचे ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, 'देऊ का?' चोरट्यांनी मध्येच आपला तोतया बसवला. प्रश्न बँकेपर्यंत पोहोचेचना आणि उत्तर मात्र दरवेळी 'दे' असेच येई. २८ देशांतून पैसे निघाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये हा दरोडा उत्तर कोरियाच्या खाती मांडला.

तरीही त्या देशाचा कोणी अधिकारी कोल्हापूरच्या एटीएमपुढे उभा राहिला नव्हता. तेथे बनावट कार्डे घेऊन उभी होती ती इथलीच माणसे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली.

कोणी म्हणेल, मोठा राजा मोकळा राहिला आणि चिल्लर माणसे तुरुंगात गेली, हा कुठला न्याय? आक्षेप खोटा नाही. आपल्या न्यायालयाचा हात त्या राजापर्यंत पोहोचत नाही. पण म्हणून कार्ड घालणारा निर्दोष ठरत नाही. 'मी फक्त कार्ड घातले' हे त्याचे म्हणणे मला वर्गातल्या 'मी फक्त चिठ्ठी पुढे दिली' या उत्तरासारखे वाटते. बँकेने ठेवीदारांच्या खात्यांना झळ लागू दिली नाही; परंतु सहकारी बँकेचा तोटा म्हणजे तिच्या सभासदांचाच तोटा. त्यांतला एकही चेहरा समोर नसतो, म्हणून हात कचरत नाही, इतकेच.

पावसाला हात लागत नाहीत; या राजाला लागतात, आणि ते तो आपल्यातून भाड्याने घेतो. त्याला जाब विचारणे सरकारांचे काम आहे. हात भाड्याने द्यायचा की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांवर कुंकू वाहतो, ते त्यांतला हिशेब खरा राहावा म्हणून. वह्या आता यंत्रात गेल्या. हिशेब खरा ठेवण्याची जबाबदारी मात्र अजून आपल्याकडेच आहे.