माहूरचा डोंगर आणि चोवीस गुरू

नांदेड जिल्ह्यातील माहूरचे डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या पाषाणाचे आहेत. वर सागाचे रान, जवळून वाहणारी पैनगंगा. रेणुका, दत्त आणि अनसूया यांची शिखरे इथेच. दत्तात्रेयांचे हे निद्रास्थान, अशी श्रद्धा आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, पतंग असे हे गुरू. ज्याला वाचा नाही, शिकवण्याचा हेतूही नाही, तो गुरू कसा? मधमाशीच पाहावी. लहानमोठ्या फुलांतून ती थोडा थोडा रस घेते, हे घेण्याजोगे. साठवलेल्या मधापायी ती जिवाला मुकते, हे टाळण्याजोगे. माशी एक, धडे दोन. निवड शिष्याच्या विवेकाची. हे गुरू आपण बुद्धीने स्वीकारले, असे अवधूत स्वतःच सांगतो. (विवेक नसेल तर पडल्या जागी मिळेल ते खाणारा अजगर आळशालाही सोयीचा गुरू वाटायचा!) म्हणून डोंगर कितीही पवित्र असला, तरी नुसत्या यात्रेने तो कोणाचा गुरू होत नाही.